जिवंत वायरमनसाठी मिस्सा

तुमच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून कुणी तुमच्यादेखत प्रार्थना केली आहे का? म्हणजे तुम्ही धडधाकट, सकाळचा चहा पोटात, हातात पक्कड, आणि शाळाभर पोरी डोळे मिटून देवाला विनवतायत की ह्या बिचाऱ्याला तुझ्यापाशी जागा दे? हसू नका. ज्याच्यावर ही वेळ आली तो माणूस शिडीच्या वरच्या पायरीवर उभा होता.

लोक त्याला वायरमन म्हणतात. बायको 'अहो' म्हणते, मुलगी 'पप्पा', बाकी सगळ्या जगाला तो वायरमन. एका मोठ्या कारखान्यात तो तारा, मोटारी आणि फ्यूज सांभाळायचा. काम चोख आणि तोंड त्याहून चोख. साहेबानं आवाज चढवला की ह्याचा आपोआप चढायचा. मग कारखान्यात संप झाला, फाटकापाशी ढकलाढकली झाली, कुणीतरी मॅनेजरच्या गाडीची काच फोडली आणि पोलिसांनी पुढे उभे होते त्यांना घरी येऊन उचललं. काच फोडणारा कधीच पुढे उभा राहत नाही, हे पोलिसांनाही ठाऊक असतं. वायरमन पुढे होता. तारखेमागून तारीख पडत गेली. वर्ष भरत आलं तेव्हा कोर्टाच्या लक्षात आलं की ह्या माणसाविरुद्ध कागदावर काहीच नाही. सोडून दिलं. उगाच डांबून ठेवल्याबद्दल कुणी 'चुकलं' म्हणालं नाही. म्हणतही नाहीत.

बाहेर आला तर कारखान्यानं त्याची जागा कधीच भरून टाकली होती. बाजारात एका ओळखीच्या लाउडस्पीकरवाल्याच्या दुकानात त्यानं कोपरा धरला आणि पंखे, मिक्सर, घरांची वायरिंग, येईल ते काम करू लागला.

बायको मिशनच्या हॉस्पिटलात आयाबाई. तिच्या वॉर्डातल्या सिस्टरनं शब्द टाकला म्हणून मुलीला सिस्टरांच्या शाळेत जागा मिळाली. मोठी शाळा, मोठ्या घरच्या मुली. वायरमनच्या कारखान्यात पाळ्या, म्हणून शाळेत बायकोच जायची. आता पोरगी दहावीत. लहानपणापासून जिभेनं तिखट, 'का' विचारल्याशिवाय दूधसुद्धा प्यायची नाही, म्हणून बाप तिला वकीलबाई म्हणतो. तो सुटून आला त्याच आठवड्यात वकीलबाईनं त्याला बजावलं होतं की शाळेकडे फिरकायचं नाही. पालकसभेला फक्त आई चालते, फाटकावर पुरुषमाणसांना थांबू देत नाहीत, शाळेच्या मुख्य सिस्टर, मदर, फार कडक आहेत. वायरमननं मान डोलावली. ज्यानं उभ्या आयुष्यात साहेबाचा एक नियम कारण विचारल्याशिवाय पाळला नाही, त्यानं पोरीचा नियम निमूटपणे पाळला. बाप झाला की माणूस असाच बावळट होतो.

मग एके दिवशी लाउडस्पीकरवाल्याची कंबर धरली. शाळेतून निरोप आला होता की वरच्या मजल्यावरचे स्पीकर मुके झालेत. जागेवरून हलता येईना, तेव्हा तो वायरमनला म्हणाला, बाबा रे, तूच जाऊन ये. वायरमनला मनातून गुदगुल्या झाल्या. नियम पालकांसाठी होता, कामाच्या माणसासाठी थोडाच? त्यानं घरी काही सांगितलं नाही. इस्त्रीचा शर्ट घातला आणि स्पीकर दुरुस्त करायला निघाला.

शाळा बघून तो हरखला. फरशी अशी घासलेली की पाय ठेवायला संकोच वाटावा. जिन्याच्या वळणावर देवमातेचा पुतळा, निळा पदर, पायाशी ताजी फुलं. फिनेल आणि खडूचा वास. आणि शांतता तर अशी, की तुरुंगातही त्यानं कधी ऐकली नव्हती. शिपाईमावशी शिडी धरून खाली उभी राहिली आणि लागलीच बोलायला लागली. दोन दिवस स्पीकर बंद, म्हणून वरच्या वर्गांना सकाळची प्रार्थना ऐकू येत नाही. ऑफिसातल्या माइकवर एक मुलगी वाचते आणि सगळे वर्ग आपापल्या जागी उभे राहून उत्तर देतात. आजाऱ्यांसाठी, प्रवासाला गेलेल्यांसाठी, मेलेल्यांसाठी. ज्या वर्गाची पाळी असेल तो वर्ग नावं सुचवतो. ह्या आठवड्यात दहावीची पाळी आहे.

"मग तर कान देऊन ऐकतो," वायरमन म्हणाला. त्याची मुलगी दहावीत आहे हे त्याच्या ओठावर आलं होतं, पण त्यानं गिळलं. नियम म्हणजे नियम.

बिघाड काही मोठा नव्हता. एक सांधा निसटला होता. त्यानं तो घट्ट केला, टेप गुंडाळली, तेवढ्यात घंटा झाली. शिडी होती तिथं वर्गाच्या भिंतीला वरच्या बाजूला हवेसाठी एक उघडी झडप होती, आणि शिडीवरून ती बरोबर डोळ्यांसमोर येत होती. आत मुली उभ्या राहिल्या. तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ, त्याला त्याची वकीलबाई दिसली. केस चापूनचोपून बसवलेले, हात जोडलेले, डोळे मिटलेले. घरी हिला हात जोडायला सांगा, वाद घालील. वायरमनला हसू फुटलं.

आणि स्पीकर बोलू लागला. आवाज छान, खणखणीत. हॉस्पिटलात असलेल्या कुणाच्या तरी आजीसाठी प्रार्थना झाली. शाळाभर उत्तर उठलं: हे प्रभू, आमची प्रार्थना ऐकून घे. एका सिस्टरच्या प्रवासासाठी झाली. पुन्हा उत्तर. मग त्या वाचणाऱ्या मुलीनं आवाज खाली आणला आणि वायरमनच्या मुलीचं नाव घेतलं, आडनावासकट. आपल्या ह्या मैत्रिणीचे वडील गेल्या वर्षी देवाघरी गेले. त्यांच्या आत्म्याला चिरशांती मिळावी म्हणून प्रार्थना करू या. येत्या शुक्रवारी त्यांच्या पहिल्या स्मरणदिनाची मिस्सा, म्हणजे मृतासाठीची मोठी उपासना, चॅपेलमध्ये होईल, दहावीच्या सर्व मुलींनी हजर राहावं.

हे प्रभू, आमची प्रार्थना ऐकून घे.

वकीलबाईचे ओठ हलले. त्यानं स्वतः पाहिलं. शेजारच्या मुलीनं तिचा हात घट्ट धरला होता. आणि मग, डोळे उघडायची वेळ नसताना, पोरीनं डोळे उघडले आणि वर पाहिलं. झडपेत बापाचं तोंड होतं, दातांत स्क्रूड्रायव्हर.

तो स्क्रूड्रायव्हर खाली पडला तो मावशीच्या पायाजवळ. ती दचकून मागे सरली आणि शिडी हलली. वायरमननं भिंत धरली.

"झालं का हो, वायरमन?" मावशीनं विचारलं. "आवाज येतोय ना?"

"येतोय," तो म्हणाला. "स्वच्छ येतोय."

तो दुकानात गेला नाही. घरी गेला आणि चपला न काढता पलंगावर बसून राहिला. पोरीचंच नाव दुसऱ्या कुणा मुलीचं असेल, असा विचार त्यानं करून पाहिला. जमेना. पोलीस ठाण्यात, कोर्टात, गजाआड, कुठेही त्याची मती अशी गुंग झाली नव्हती. तिथे निदान समोर शत्रू असायचा.

संध्याकाळी दोघी एकदमच आल्या. मुलगी शाळेतून थेट हॉस्पिटलात गेली होती, आईला गाठायला. दारात उभ्या राहिल्या आणि कुणी आत येईना. बायकोचं तोंड बघूनच वायरमनला दुसरा धक्का बसला, पहिल्यापेक्षा मोठा. हिला माहीत होतं.

बायकोनं कबूल केलं. शाळेतल्या टीचर एक दिवस हॉस्पिटलात आल्या, हातात फुलं घेऊन. तिला मिठीत घेऊन रडल्या. म्हणाल्या, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो. वॉर्डातली सिस्टरही येऊन उभी राहिली. आयाबाईला आधी वाटलं, नवरा तुरुंगात गेला त्याचं एवढं दुःख ह्या बायकांना झालं, किती चांगल्या आहेत. मग कळलं. तेव्हा ती हो म्हणाली नाही आणि नाही पण म्हणाली नाही. रडायला तर येतच होतं, ते तिनं आवरलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सिस्टरनं तिची रात्रपाळी बंद केली. एकट्या बाईनं रात्री येऊ-जाऊ नये म्हणून.

"म्हणजे मी मेलो त्याचा तुला आराम झाला," वायरमन म्हणाला.

"अहो, तुम्ही फाटकापाशी पुढे उभे राहिलात तेव्हा मला विचारलंत?" बायको म्हणाली. "तुमच्या मागं मी एकटीच होते ना? त्यांनी नाव काय का दिलं असेना."

त्यानं आता कुठं चपला काढल्या. घोषणा देणारे आम्ही सगळे असेच. आम्ही पुढे उभे राहतो तेव्हा मागे कोण उभं असतं, हे घरी आल्यावर कळतं.

मग त्यानं मुलीकडे पाहिलं. आणि सगळे प्रश्न बाजूला राहून त्याच्या तोंडून भलताच प्रश्न निघाला.

"मेलो कशानं?"

पोरीनं दप्तर छातीशी धरलं.

"विचारतोय मी. कशानं गेलो?"

"शॉक लागून," ती पुटपुटली.

वायरमन ताडकन उठला. शॉक लागून? तो? उघड्या तारेला हात घालण्याआधी मेन बंद केली आहे की नाही हे पुन्हा जाऊन बघणारा माणूस, ज्यानं कारखान्यातल्या पोरांना शिव्या घालघालून रबरी हातमोजे घालायला लावले, तो शॉक लागून मेला म्हणून अख्ख्या शाळेत सांगितलं? तापानं मारायचं होतंस, गाडीखाली घालायचं होतंस. धंद्याला बट्टा कशाला लावलास? तो एवढा तडतडला की बायकोला रडता रडता हसू फुटलं, आणि मुलगी मात्र हुंदके देऊन रडायला लागली.

त्यानंतर तिनं सांगितलं. तो आत गेला त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. नववीचा वर्ग नवा, टीचर नव्या. ओळख करून घेऊ म्हणाल्या. एकेकीनं उभं राहायचं, नाव सांगायचं आणि वडील काय करतात ते सांगायचं. पहिल्या बाकापासून सुरुवात झाली. डॉक्टर. बँकेत मॅनेजर. जहाजावर कॅप्टन. स्वतःची कंपनी. पाळी बाकाबाकानं मागे सरकत होती आणि वकीलबाईच्या डोक्यात एकच गोष्ट होती: आदल्या दिवशी गल्लीतून बापाला हातकड्या घालून नेलं होतं आणि समोरच्या गच्चीतून लोक बघत होते. वायरमन आहेत म्हणावं, तर कुठं आहेत हे पुढं येणारच. पाळी आली, ती उभी राहिली आणि म्हणाली, "वारले."

तिला वाटलं होतं, एवढं म्हटलं की खाली बसता येईल. तसं झालं नाही. टीचरनी तिला जवळ घेतलं, कशानं गेले विचारलं, आणि तिच्या तोंडून शॉक निघून गेला. अख्खा वर्ग उभा राहिला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत नाव आलं. ज्या मुली तिच्या डब्याकडे नाक मुरडायच्या, त्या आपला डबा पुढे करू लागल्या. आणि प्रार्थनेत तिचा हात धरणारी ती मुलगी, जिचे वडील खरोखरच गेले होते, ती येऊन तिच्या शेजारी बसली ती आजतागायत. दोघी मधल्या सुट्टीत वडिलांविषयी बोलायच्या. ही तिला पप्पांच्या गमती सांगायची, सगळ्या खऱ्या, फक्त भूतकाळात. रोज वाटायचं, उद्या सांगू. रोज ते आणखी कठीण व्हायचं.

"आणि आता शुक्रवारी मिस्सा आहे," ती म्हणाली. "पप्पा, फादर तुमच्यासाठी खास येणार आहेत. मला पुढं जाऊन मेणबत्ती लावायची आहे. मी ती लावली, तर मग..."

सगळा प्रश्न तिथेच होता. शुक्रवारच्या आत खरं सांगितलं तर शाळा ठेवील की काढील, ह्याचा नेम नाही. खोटेपणाला त्या शाळेत क्षमा नव्हती. एका मुलीला परीक्षेत कॉपी केली म्हणून वर्षाच्या मध्येच दाखला हातात दिला होता. आणि नाही सांगितलं, तर पोरीनं स्वतःच्या हातानं जिवंत बापासाठी मेणबत्ती लावायची, आणि त्यानंतर कुठल्या तोंडानं त्याला घरी पाणी द्यायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन दोघींना घेऊन मदरच्या खोलीत गेला. काचेचं टेबल, भिंतीवर क्रूस, कपाटात चषक, सगळं जागच्या जागी. मदर वयस्क, बारीक, चेहऱ्यानं मायाळू. त्याला बघून त्यांनी विचारलं, स्पीकर पुन्हा बिघडला का?

"नाही, मदर," तो म्हणाला. "मी ह्या मुलीचा बाप."

मदर हसल्या, कारण त्यांना कळलंच नाही. मग त्यांनी आयाबाईकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि डोळ्यांतलं गेलं. त्या सावकाश खुर्चीत बसल्या. छातीवर क्रूसाची खूण केली. पाणी मागितलं. वर्षभर सगळ्या शाळेनं, त्या म्हणाल्या, अख्खं वर्ष प्रार्थना केली. आयाबाईनंच त्यांना पाणी दिलं, हॉस्पिटलातल्या सवयीनं पेल्याखाली हात धरून.

वायरमननं तुरुंगापासून सगळं सांगितलं. पोरीला काढायचं तर काढा म्हणाला, पण ती का खोटं बोलली तेवढं आधी ऐका. मदरनी ऐकलं. मग म्हणाल्या की मुलीला काढणार नाही. वायरमनचा जीव भांड्यात पडला. आणि प्रार्थना वाया जात नसते, मदर म्हणाल्या, ती दुसऱ्या कुणा विसरलेल्या आत्म्याला मिळेल. शुक्रवारची मिस्सा सगळ्या मृतांसाठी करू. नाव घेणार नाही. फक्त हे ह्या खोलीबाहेर जायला नको. पालक काय म्हणतील, वरचे लोक काय म्हणतील, शाळेची काय शोभा होईल. मुलीची दहावी नीट पार पडू दे. तोवर तुम्ही शाळेकडे येऊ नका. स्पीकरचं काम असलं तरी दुसऱ्याला पाठवा.

"म्हणजे दहावी होईपर्यंत मी मेलेलाच राहायचं," वायरमन म्हणाला.

"मुलीच्या भल्यासाठी," मदर म्हणाल्या. आवाज खरोखर मऊ होता. हेच तर भयंकर.

वाचणाऱ्यांनो, मी त्याच्या जागी असतो तर काचेचं टेबल शाबूत राहिलं नसतं. एका घाबरलेल्या पोरीनं बापाला मारलं, ते समजू शकतो. पण शहाण्या, वयस्क, देवाची सेवा करणाऱ्या बाईनं, तो डोळ्यांसमोर श्वास घेत उभा असताना, त्याला आणखी वर्षभर मेलेलाच ठेवायचं ठरवावं? वायरमनच्याही मुठी वळल्या होत्या. पण त्यानं मुलीकडे पाहिलं, आणि ज्या माणसानं मॅनेजरपुढे मान खाली घातली नाही, त्यानं मान हलवली. हो म्हणाला. बापाचं काय, राहीन मेलेला.

"नाही," वकीलबाई म्हणाली.

कुणाला काही कळायच्या आत ती दाराबाहेर होती. मदर उठल्या, आयाबाई मागे धावली, वायरमन तिच्या मागे. वर्गाचं दार उघडं होतं. टीचर फळ्यावर लिहीत होत्या. पोरगी दारातून सरळ पुढं गेली आणि वर्गाकडे तोंड करून उभी राहिली. बाप वरांड्यात थांबला.

"माझे पप्पा जिवंत आहेत," ती म्हणाली. "ते तुरुंगात होते. संपात पकडलं होतं. कोर्टानं सोडलं. ते वायरमन आहेत. मी खोटं बोलले."

टीचरच्या हातातला खडू तसाच फळ्याला टेकलेला. कुणीतरी मागून हळूच विचारलं, मग शॉक? तर वरांड्यातून वायरमनला राहवलं नाही. शॉक मला आजवर लागलेला नाही, तो म्हणाला. सगळ्या माना दाराकडे वळल्या आणि दहावीच्या वर्गानं आपला मेलेला माणूस उभा पाहिला. एका मुलीनं किंकाळी दाबली. एक हसली आणि लगेच गप्प झाली.

प्रार्थनेत हात धरणारी ती मुलगी मात्र त्याच्याकडे बघत नव्हती. ती वकीलबाईकडे बघत होती. मग तिनं वह्या गोळा केल्या, दप्तर उचललं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. तिच्याशी अजून बोललेली नाही. वकीलबाई तिच्या मागे मागे जाऊन माफी मागून थकली. वायरमन म्हणतो, सगळ्यात जबर शिक्षा तीच झाली, आणि ती रास्त आहे.

शुक्रवारी मिस्सा झाली, सगळ्या मृतांसाठी. वायरमन गेला नाही, त्याला एका दवाखान्याची वायरिंग पुरी करायची होती. काही पालक आले, तुरुंगातल्या माणसाची मुलगी आमच्या मुलींबरोबर नको म्हणाले. त्यांना मदरनी सांगितलं की मुलगी इथेच शिकेल. हे मला लिहायलाच हवं, कारण खरं आहे. आयाबाईची रात्रपाळी पुन्हा सुरू झाली, तेही खरं आहे. आता नवरा तिला रात्री हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत सोडायला जातो आणि सिस्टर खिडकीतून बघतात.

तुमच्यापैकी जे शिकवतात, शाळा चालवतात, पालकसभेत पुढच्या खुर्च्यांवर बसतात, त्यांच्याकडे माझं एकच मागणं आहे. नव्या वर्गात पहिल्या दिवशी मुलांची खुशाल ओळख करून घ्या. नाव विचारा, आवडता खेळ विचारा, काय खायला आवडतं ते विचारा. पण भरल्या वर्गात एकेकाला उभं करून तुझा बाप काय करतो, हे विचारू नका. उद्यापासूनच विचारू नका.